सहावीचं पुस्तक आणि बाउरोची होडी

१

बिकेनिबेउ, तारावा
४ मार्च १९९६

ति. बाउरोदादास,
सिरोयाचा शि. सा. न. आणि घरातल्या सगळ्या लहानथोरांना मौरी. पत्रास कारण, तुझ्या बहिणीवर देश लिहून काढायची पाळी आली आहे.

सहावीच्या भूगोल-नागरिकशास्त्राचं नवं पुस्तक करायचं ठरलं आहे. जुन्या पुस्तकात आपल्या देशाच्या मधून तारखेची रेघ जाते. इकडे सोमवार असला की तिकडच्या बेटांवर अजून रविवार. सरकारने गेल्या वर्षी ती रेघ पूर्वेला ढकलून सगळ्या देशाला एकच वार दिला, पण पुस्तकात दोन वार राहिले ते राहिलेच. शाळेत मी इतकी वर्षं हा धडा दोन्ही वारांसकट शिकवत आले, म्हणून मलाच सांगितलं असावं. पात्रतेचं दुसरं काही कारण मला तरी सापडलेलं नाही.

मदतीला परदेशातून एक सल्लागार आले आहेत, केंडलसाहेब. माणूस भला आहे. त्यांच्याकडे प्रकरणांची मथळ्यांसकट चौकट तयार आहे: पर्वत, नद्या, अरण्ये, खनिजे, शेती, शासन, अर्थव्यवस्था. मी नद्यांखाली 'नाहीत' असं लिहिलं. ते म्हणाले, एका शब्दाचं प्रकरण बरं दिसत नाही, का नाहीत त्यावर दोन परिच्छेद लिहा. मग मी लिहिलं की आपली बेटं इतकी अरुंद आहेत की पाण्याला नाव मिळायच्या आत ते समुद्राला मिळतं. त्यांना फार आवडलं. घरी आल्यावर मला वाटलं, हे खरं कुठे आहे? आपलं पाणी वाहत नाही, मुरतं. सकाळी जाऊन खोडलं. पर्वतांचं अजून ठरत नाही.

आता काम. अर्थव्यवस्थेच्या प्रकरणात एका सामान्य कुटुंबाचं उदाहरण हवं आहे. मी तुला न विचारता तुझं नाव पुढे केलं आहे. घरात काय पिकतं, काय येतं, काय विकतं, काय विकत घेता ते सविस्तर कळव. आणि बाबांच्या 'एइतेइ'बद्दल जरूर लिही. झेंड्यावर जो पक्षी आहे त्याच्याच नावाची होडी ओनोतोआच्या रीफबाहेर कुपा मारून आणते, हे पोरांनी वाचायलाच हवं. तू तिचं सुंभ बदलायला घेतलं होतंस ना?

इकडे सगळं ठीक. ह्यांचं हॅम्बुर्गहून कार्ड आलं, बोटीवर थंडी फार आहे. घरात ह्यांचे दोन पुतणे, त्यांच्या बायका, पोरं आणि मी. दोन खोल्या, एक टाकी. सकाळी चहाला उठायचं तर कोणाला तरी ओलांडूनच जावं लागतं.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, विमानाच्या वजनात बसेल तेवढा पाठवत जा.

तुझी,
सिरोया

२

आइआकी, ओनोतोआ
२७ मार्च

चि. सिरोयास अ. उ. आ. आणि मौरी. तुझं पत्र दोन आठवडे उशिरा मिळालं. मागच्या वेळी विमान आलं, पण धावपट्टीवर पाद्रीबाबांचं डुक्कर होतं. वैमानिकाने दोन घिरट्या घेतल्या आणि टपाल घेऊन परत गेला. डुकराला कोणी काही बोललं नाही. पाद्रीबाबांचं आहे ना.

देश लिहायला तुला दिला हे उत्तम झालं. लहानपणी तू अंगणात कोंबड्या मोजायचीस आणि मग संशय येऊन परत मोजायचीस. तसंच कर.

तुझ्या सामान्य कुटुंबाचं उत्तर असं. पर्वत: गावसभेच्या मानेआबाचं छप्पर. शेती: काउरेचे बाबाईचे दोन खड्डे, त्यातल्या अळूला ती काय खत घालते ते मला नवरा असूनही माहीत नाही, तुझ्या साहेबांना तर नाहीच कळणार. शिवाय नीरफणस, केवडा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढून मी काढतो ती नीरा. निर्यात: सुकं खोबरं आणि खलाशी. आयात: तांदूळ, डब्यातलं मांस, सल्लागार. शासन: मानेआबात म्हातारे बसतात, ते बोलतात, बाकीचे ऐकतात आणि मग सगळ्यांचं मत झालं असं समजतात. तारावाला एक दुसरं शासन आहे म्हणतात. ते तू लिहिशीलच.

एइतेइबद्दल विचारलंस. एइतेइ आता इथे नाही.

सुंभ नवं घातलं होतं. प्रत्येक फळी नव्याने शिवली, उलांडी नवी बसवली, नाळेवरचा बाबांचा काळा त्रिकोण पुन्हा रंगवला. अशी दिसत होती की बाबा असते तर एखादी खोड काढून गप्प बसले असते. त्याच आठवड्यात आमचे खासदार, तेकेमाउ, बेटावर आले. काउरेचा मामेभाऊ, हे तुला सांगायला नको. काउरे आदल्या दिवशी म्हणाली, होडी घरामागे ओढा आणि झावळ्यांनी झाका, पुढे जुनी ठेवा. शहाणी माणसं पाहुणे यायच्या आत काय करतात ते मला माहीत होतं. पण मी म्हटलं, मानेआबासमोर आपल्या होडीची लाज कसली? सगळ्यांनी बघू दे.

सगळ्यांनी बघितली. तेकेमाउने जेवण झाल्यावर वाळूवर जाऊन नाळेवरून हात फिरवला. म्हातारे बसलेलेच होते. मग तो म्हणाला की स्वातंत्र्यदिनी, बारा जुलैच्या शर्यतीत ही तारावाला धावायला पाहिजे, भाऊजी, मी ही बुबुसी करतो, सगळ्यांसमक्ष मागतो.

मी म्हटलं, घेऊन जा. तू असतीस तर दुसरं काय म्हणाली असतीस? सगळ्यांनी माझ्या मनाचा मोठेपणा वाखाणला. मला मानाचं म्हणून माशाचं डोकं वाढलं. खोबऱ्याच्या बोटीवर एइतेइ चढवताना मीच दोर धरला होता.

तेव्हा अर्थव्यवस्थेत लिही: सामान्य कुटुंबाने होडी दिली आणि माशाचं डोकं मिळवलं.

आशीर्वाद पूर्वीइतकेच आहेत, त्यांना अजून कोणी बुबुसी केलेली नाही.

तुझा,
दादा

३

बिकेनिबेउ
१८ एप्रिल

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून सुन्न झाले. तू विनोद केलास तिथे मला हसू आलं नाही, आणि मग वाटलं, तू इतक्या कष्टाने केलेल्या विनोदाला निदान हसायला तरी हवं होतं.

केंडलसाहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, भाऊ 'नाही' का म्हणाला नाही? बुबुसीला नाही म्हणत नाहीत, मी म्हटलं. तसा कायदा आहे का? नाही. शिक्षा आहे का? नाही. मग नाही म्हटलं तर होतं काय? काहीच होत नाही, मी म्हटलं, तीच तर अडचण आहे. कोणी काही बोलत नाही, पण तुमच्या नातवंडांना ती कोणाची नातवंडं हे आवर्जून सांगितलं जातं. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी त्यांनी एक वाक्य काढलं आणि ते अर्थव्यवस्थेच्या प्रकरणात घालायला सांगितलं: बुबुसी ही प्रथा बचतीच्या आड येते.

मी ते माझ्या अक्षरात लिहिलं. लिहिताना तुझी होडी डोळ्यांपुढे होती, त्यामुळे ते मला पूर्ण खरं वाटलं. शाई वाळायच्या आत ह्यांचा धाकटा पुतण्या कचेरीच्या दारात आला आणि माझी सायकल मागितली. मी दिली. साहेब बघत होते. त्यांनी त्या वाक्याखाली रेघ मारली. संध्याकाळी पायी घरी येताना माझ्या मनात आलं, हाच पुतण्या गेल्या वर्षी माझ्या तापात आठवडाभर टाकीचं पाणी उकळून देत होता. ते कुठल्या मथळ्याखाली लिहायचं? वाक्य तसंच ठेवलं आहे. खोडायला धीर होत नाही आणि ठेवायलाही.

साहेबांची छत्री परवा घरमालकिणीला फार आवडली. ते आता भिजत येतात.

शर्यत झाल्यावर तू तेकेमाउकडून होडी परत का मागत नाहीस? तोवर जुनीवर भागव. वहिनींचं ऐकलं असतंस तर, हे मी लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं.

माया कमी करू नकोस, रागावलास तरी.

तुझी,
सिरोया

४

आइआकी
१४ मे

चि. सिरोयास अ. आ. व मौरी. रागावलो नाही. काउरेने तुझं पत्र वाचलं आणि शेवटून दुसरा परिच्छेद मला पुन्हा वाचून दाखवला.

परत मागायचं म्हणतेस. शहरात राहून तू विसरलीस काय? ज्या तोंडाने दे म्हटलं की घेऊन जा म्हणालो, त्याच तोंडाने परत मागितलं तर मी दिलंच नव्हतं असं होईल. म्हातारे मला मानेआबात बसू देतील, पण माझ्याकडे बघून दुसऱ्याशी बोलतील. ते मला झेपायचं नाही.

जुन्या होडीचं म्हणशील तर ती आजोबांसारखी झाली आहे, खाडीत फिरते, रीफच्या बाहेर काढली की कुरकुरते. कुपा बाहेर आहे. खाडीतली बारकी मासळी पोरांना पुरते, मोठ्यांना वास पुरतो. दुसऱ्याच्या होडीवर गेलो तर निम्मी मासळी त्याची. पाऊस या वर्षी आपलं बेट सोडून सगळीकडे पडतो आहे, नारळ लिंबाएवढे झालेत. खोबरं काढायचं कशातून? परवा रेडिओवर सांगत होते की परक्या देशांच्या बोटींना आपल्या समुद्रात कुपा धरायचे परवाने विकून सरकारला भरपूर उत्पन्न झालं. ऐकून बरं वाटलं. समुद्र माझा, मासा माझा, फक्त त्याच्यापर्यंत पोचायचं साधन तेवढं खासदारांच्या अंगणात आहे.

म्हणून असं ठरवतो आहे. ऑगस्टच्या बोटीने आम्ही सगळे तारावाला तुझ्याकडे येऊ. बंदरावर पहारेकऱ्याचं काम मिळेल म्हणतात. तुझ्या दोन खोल्यांत तू किती माणसं ओलांडतेस ते मला माहीत आहे. आणखी सात ओलांडशील. काउरे ओटीवर झोपेल, पोरं टाकीच्या सावलीत. तुला नाही म्हणता येणार नाही हेही मला माहीत आहे, म्हणून मी मागत नाही, नुसतं कळवतो. फायदा असा, की सामान्य कुटुंब तुझ्या घरातच राहायला येईल. तुझं तिकीट वाचेल.

तुझा, थोडे दिवस अजून ओनोतोआचा,
दादा

५

आइआकी
१४ मे

सौ. सिरोयावन्सं यांस काउरेचा स. न. आणि मौरी. ह्यांचं पत्र याच विमानाने येईल, त्यांना न सांगता हे वेगळं पाठवते. विमानतळावरची बाई माझी मावसबहीण आहे.

ह्यांनी पत्र लिहून मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि स्वतःच हसले. त्यानंतर हसलेले नाहीत. भरती-ओहोटी बघून जी वेळ होडी काढायची असते, त्या वेळी रोज वाळूवर जाऊन बसतात. वेळ टळली की उठून येतात. जेवायला बसतात, ताट पोरांकडे सरकवतात आणि मासळी खारट झाली म्हणतात. मी मीठच घातलेलं नसतं.

मला तारावाला यायचं नाही, वन्सं. राग मानू नका. तुमच्याकडे विहिरीचं पाणी प्यायलं की पोरं आजारी पडतात, आणि माझे बाबाईचे खड्डे मी कोणाच्या हवाली करू? ते आईने मला दिले. जे खत ती घालायची ते मी पोरीला अजून शिकवलेलं नाही. आम्ही निघालो तर दोन पावसाळ्यांत तिथे नुसती डबकी राहतील.

तेकेमाउ वाईट नाही. मी त्याला कडेवर घेऊन फिरले आहे. पण मी ह्यांच्या बायकोच्या जागेवर बसते, माझ्या तोंडून निघालं तर ते ह्यांच्याच तोंडचं होईल. तुम्ही लग्न झाल्यापासून मानेआबात सासरच्या, बेरू बेटाच्या माणसांत बसता. तुमचं मागणं दुसऱ्या घरचं मागणं होईल. मागा. पण त्याच्या घरी जाऊन मागू नका. घरी तो बघू म्हणेल आणि विषय बदलेल. माणसांत मागा, म्हातारे बसलेले असताना.

मनापासून लिहिलं आहे, उत्तर नको, ते ह्यांच्या हाती पडेल.

तुमची,
काउरे

६

बिकेनिबेउ
९ जून

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि. मी काल तेकेमाउकडे गेले होते. घरी जाऊ नये असं मला एका जाणत्या माणसाने बजावलं होतं. तरी गेले, कारण माणसांत मागायचं म्हणजे त्याचा अपमान होईल असं वाटलं. म्हणजे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माणसांत उभं राहायची मला भीती वाटते.

खासदाराच्या घरात खुर्ची नाही, दादा. होती, ती त्याच्या मतदाराला आवडली. पंखा बायकोच्या मामीकडे आहे. ओनोतोआहून दवाखान्यासाठी, नोकरीसाठी आणि नुसतंच आलेली माणसं खोल्यांतून, पडवीत आणि आवारात झोपलेली असतात, आणि त्यांना सकाळी चहा आणि तांदूळ लागतो. तेकेमाउ रिकाम्या खोक्यावर बसला होता. मला त्याने चटई दिली. लोकांनी मला निवडून दिलं नाही, बुबुसी केली, असं म्हणाला. त्याच्याकडे इंजिनाची फायबरची होडी होती, ती एका मंत्र्याच्या सासऱ्याने मागितली. तेव्हापासून त्याला एवढंच वाटत होतं की एक तरी वस्तू आपल्याकडून जाण्याऐवजी आपल्याकडे यावी. एइतेइ आवारात सावलीत ठेवली आहे. रोज संध्याकाळी तो तिच्यापाशी जाऊन बसतो. तुझ्या सुंभाच्या गाठी त्याने मला दाखवल्या, जसं काही मला त्या माहीतच नव्हत्या.

मी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला की माझं पेन फार छान आहे.

तर मी होडी आणायला गेले आणि पेन देऊन आले. ह्यांनी हॅम्बुर्गहून पाठवलेलं.

रात्री रोजनिशीत लिहिलं की मला होडी दोन कारणांसाठी हवी आहे: एक, दादाला पोटासाठी बेट सोडायला लागू नये, दोन, माझ्या दोन खोल्यांत आणखी माणसं येऊ नयेत. मग वाटलं, खरा क्रम उलटा आहे, म्हणून उलटा लिहिला. मग वाटलं, उलटा लिहून मी प्रामाणिक असल्याचा आव आणते आहे. पान फाडलं. तुम्ही आलात तर मी चटया अंथरीन, दोन विणायला घेतल्याही आहेत. त्या विणताना मनात काय येतं ते मात्र तुला लिहीत नाही.

शासनाच्या प्रकरणासाठी साहेबांना आकृती हवी आहे, खाली जनता आणि वर अध्यक्ष, मध्ये बाण. बाण कुठल्या दिशेने काढायचे ते विचारलं, तर म्हणाले वरून खाली, सेवा म्हणून. खोक्यावर बसलेला तेकेमाउ आठवून मी तसे काढले. पण मग सायकल, पंखा आणि होडी कुठल्या बाणाने गेली?

धीर सोडू नकोस. जेवत जा.

तुझी,
सिरोया

७

बिकेनिबेउ
१५ जुलै

ति. दादास,
शि. सा. न. आधी बातमी, मग बाकीचं: एइतेइ ऑगस्टच्या बोटीने येते आहे. तुम्ही त्या बोटीने येऊ नका, ती रिकामी परत जाईल.

शर्यतीत ती दुसरी आली. पहिली आली असती, पण तेकेमाउला स्वतः वर बसायचं होतं. शीड त्याला येत नाही, म्हणून पोरांनी त्याला उलांडीवर वाऱ्याच्या बाजूला बसवलं. वाऱ्याने उलांडी उचलली की तो दोन्ही हातांनी दांडा धरायचा आणि डोळे मिटायचा. केंडलसाहेबांनी नेमका तेव्हा फोटो काढला.

संध्याकाळी मानेआबात ओनोतोआच्या माणसांचं जेवण होतं आणि आम्ही बेरूवाले पाहुणे होतो. म्हातारे खांबांना टेकून बसले होते. तेकेमाउ भाषण करून बसला आणि मी उठले.  मी म्हटलं, मी बेरूच्या जागेवरून बोलते आहे, ओनोतोआकडे माझं काही येणं नाही, मी फक्त मागते: एइतेइ. बुबुसी.

स्वयंपाकाकडे कोणाच्या तरी हातातला डाव पडला. तेकेमाउने माझ्याकडे बघितलं, मग म्हाताऱ्यांकडे. त्याचा चेहरा बघून मला एकदम वाटलं, नको, राहू दे. त्याच्याकडे आली होती अशी ती एकच वस्तू. पण एकदा मागितलेलं मागे घेता येत नाही. तो हसला. चांगलं हसला, दादा, हे तुला खोटं वाटेल. म्हणाला, घेऊन जा, बाई, काउरेचा वास येतो आहे या मागण्याला, पण घेऊन जा.

मग तो बसल्या जागेवरूनच म्हणाला की आता मागामागी चाललीच आहे तर त्याचंही एक मागणं आहे. सहावीच्या पुस्तकात, शासनाच्या प्रकरणात, त्याचा फोटो. बुबुसी. सगळ्यांसमोर. दुसरं काय म्हणणार होते? साहेब मागे उभे होते, त्यांना वाटलं बक्षीस समारंभ आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याचा दुसरा फोटो कोणाकडेच नव्हता. तेव्हा पान चौतीसवर उलांडीवर डोळे मिटून बसलेले आपले खासदार येतील. देशाच्या पुस्तकात मी एका माणसाला अशी जागा दिली हे योग्य की अयोग्य, ते अजून ठरत नाही. तेवढ्या जागेत अध्यक्षांची आकृती होती, ती निघाली. बाणांचा प्रश्न मिटला.

आता नीट ऐक. होडी माझी आहे, सगळ्यांसमक्ष मला मिळालेली. तुला मी ती फक्त वापरायला देते. कोणीही नाळेवरून हात फिरवायला लागला की सांग, बहिणीची आहे, ती तारावाला असते, पत्र पाठवा. पत्राला किती दिवस लागतात ते तुला माहीत आहे. आणि वहिनींना सांग, चटया वाया गेल्या नाहीत, एक पुतण्याने मागितली.

तुम्ही येत नाही म्हणून मला वाईट वाटलं. आधी हलकं वाटलं, मग वाईट. क्रम या वेळी बदललेला नाही.

आहेस तिथेच राहा, आणि आहे तशीच माया ठेव.

तुझी,
सिरोया

८

आइआकी
६ मार्च १९९७

चि. सिरोयास अ. उ. आ. आणि मौरी. सोबत सुकवलेला कुपा पाठवला आहे, पुतण्यांनी बघायच्या आत उघड. ऑगस्टपासून रीफबाहेर गेलो नाही असे दिवस थोडेच, तेही वाऱ्यामुळे. काउरे म्हणते, मी खारट नसलेल्या मासळीला खारट म्हणायचं सोडलं आहे. हे तिने तुला का सांगायला सांगितलं ते कळलं नाही. तुमचं दोघींचं काही असेल.

तुझी सहावीची पुस्तकं गेल्या बोटीने आली. निम्मी भिजलेली होती, पण पोरं वाळवून वाचतात. नद्यांचं पान मला आवडलं. 'नाहीत' एवढंच ठेवलंस ते बरं केलंस. पर्वतांचं पान जरा लांबलं आहे. बुबुसी बचतीच्या आड येते, ते वाक्य मात्र तसंच राहिलं. आमच्या मास्तरांनी तो धडा घेतला आणि पोरांना सांगितलं की आपली बचत कुठे आहे ते दाखवा. पोरं उठून वर्गाबाहेर गेली आणि आपापल्या काका-मामांच्या घरांकडे बोट दाखवत उभी राहिली. मास्तरांनी पूर्ण गुण दिले. तुझ्या साहेबांना कळवू नकोस, त्यांची छत्री अजून परत आली नसेल.

तेकेमाउ ईस्टरला येतो आहे. एइतेइ घरामागे आहे आणि तिच्यावर झावळ्या आहेत. बहिणीची आहे हे सांगायची तयारी आहेच, पण काउरेने झाकायला घेतली तेव्हा या वेळी मी वाद घातला नाही. तो आला की त्याला खुर्ची देणार आहे. म्हाताऱ्यांनी सगळ्यांनी मिळून एक करवून घेतली आहे, आणि ती त्याच्याकडे कोणी मागायची नाही असं मानेआबात ठरलं आहे. माझ्या आठवणीत असा ठराव पहिल्यांदाच झाला. याला शासन म्हणायचं की अर्थव्यवस्था ते तू ठरव.

आता पान चौतीस. मी त्या दिवशी शाळेचं छप्पर शाकारायला गेलो होतो, वर बसून ऐकलं. मास्तरांनी फोटो उघडायला लावला आणि विचारलं की यात आपल्याला काय दिसतं. सगळा वर्ग एकदम ओरडला, एइतेइ! नाळेवरचा त्रिकोण, माझं सुंभ, शिडाचं जुनं ठिगळसुद्धा त्यांनी ओळखलं. ठिगळ कशाचं आहे त्यावर थोडं भांडण झालं. मग मास्तर म्हणाले की ते ठीक आहे, पण हे शासनाचं प्रकरण आहे, तेव्हा वर बसलेले हे गृहस्थ कोण ते सांगा. पोरांनी पुस्तकं तोंडाजवळ नेली.  शेवटी माझी धाकटी उठली आणि म्हणाली की नाव माहीत नाही, पण वारा जास्त असेल तेव्हा होडी उलटू नये म्हणून त्या बाजूला कोणाला तरी बसवावं लागतं.

मास्तरांनी बरोबर म्हटलं आणि पुढचं पान उघडायला सांगितलं.

लोभ असू दे असं लिहिणार होतो. लिहीत नाही. ते मागणं होईल, आणि तुला नाही म्हणता येणार नाही.

तुझा,
दादा